गायनाचार्य कै. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर : एक थोर शिक्षक

संध्याकाळच्या वेळी आमच्या सोलापूर शहरातील कोणत्याही जुन्या पेठेतून फेरफटका मारावा, तर यंत्रमागांच्या खडखडाटातूनही कोठून तरी पेटीचे सूर कानी येतात. एखाद्या माडीवर दहापाच मुलेमुली ओळीने बसून भूप रागाचे अलंकार घोकीत असतात. त्यांत कोणी विणकराचा मुलगा असतो, कोणी वकिलाची मुलगी असते. घरी कोणी मराठी बोलतो, कोणी कानडी, तर कोणी तेलुगू. परीक्षा जवळ आलेली असते, हाती छापील पुस्तक असते, आणि मुलगी गाणे शिकते म्हणून तिच्या वडिलांना मान खाली घालावी लागत नाही. ही गोष्ट आज आपणांस इतकी स्वाभाविक वाटते की, तिच्यामागे कोणा एका माणसाचे आयुष्य खर्ची पडले असेल, अशी शंकाही आपल्या मनास शिवत नाही. ज्या पुरुषाने हे आयुष्य वेचले, त्या पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचे चरित्र आमच्या ज्ञातिबंधुभगिनींस सादर करावे, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत. पंडितजी गवई म्हणून थोर होते, हे सर्वमान्यच आहे. परंतु ज्याची सारी हयात फळ्यापुढे गेली अशा आमच्यासारख्यास त्यांचे अधिक आकर्षण वाटते ते शिक्षक म्हणून, आणि म्हणून त्यांच्या चरित्राची ती बाजू आम्ही येथे विशेषेकरून मांडणार आहोत.

पंडितजींचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी, नारळी पौर्णिमेच्या दिवशी, कुरुंदवाड संस्थानात झाला. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ; परंतु पलूस गावावरून पलुस्कर हे नाव रूढ झाले. वडील दिगंबरपंत हे कीर्तनकार. कीर्तनकाराच्या घरी जन्मलेल्या मुलास सूर, ताल आणि श्रोत्यांची सभा या तिन्ही गोष्टी पाळण्यातच भेटतात; तेव्हा विष्णूच्या कानावर संगीताचे संस्कार नकळत होत गेले. मुलगा शाळेत जात होता, हुशार होता, आणि कुरुंदवाडच्या राजघराण्याची त्याच्यावर कृपादृष्टी होती. सर्व काही सुरळीत चालते, तर तो शिकूनसवरून एखाद्या कचेरीत चांगल्या हुद्द्यावर चढला असता. परंतु बालपणीच दारूकामाच्या स्फोटात त्याचा चेहरा भाजला आणि डोळे कायमचे अधू झाले. उपचारार्थ त्यास मिरजेस आणण्यात आले. जीव बचावला, पण दृष्टी पूर्ववत् झाली नाही. वाचन-लेखनाचा मार्ग खुंटला. आता या मुलाने पुढे करावे काय, असा प्रश्न वडीलधाऱ्यांपुढे उभा राहिला, आणि गळा चांगला आहे, तर गाणे शिकवावे, असा निर्णय झाला. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. त्या काळी भल्या घरच्या मुलाने गवई होणे हे काही भूषण मानले जात नसे. डोळे गेले म्हणून गाणे, अशीच ती योजना होती. दैवाने एक दार लावून घेतले आणि दुसरे किंचित् किलकिले केले, इतकेच.

मिरजेस त्या वेळी पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हे दरबार गवई होते. ग्वाल्हेरीच्या हद्दूखाँ-हस्सूखाँ यांची ख्यालगायकी वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशी राहून, अपार कष्ट सोसून बुवांनी मिळविली आणि ती महाराष्ट्रात आणून रुजविली. महाराष्ट्रातील ख्यालगायकीच्या प्रसाराचे मोठे श्रेय त्यांच्याकडे जाते. अशा गुरूपाशी मिरजेच्या अधिपतींच्या आश्रयाने विष्णूची तालीम सुरू झाली, आणि ती सुमारे नऊ वर्षे चालली. त्या काळची विद्या म्हणजे पुस्तक नाही, वही नाही, नेमलेला तास नाही. गुरूची सेवा करावी, त्यांच्या मागे तानपुरा धरून बसावे, त्यांच्या मनात येईल तेव्हा ते जे सांगतील ते कानांनी टिपावे आणि रात्रंदिवस घोटावे. एकाच रागात महिनेच्या महिने जात. विष्णूने ही तालीम निष्ठेने पुरी केली. गळा तयार झाला, आवाजास भारदस्तपणा आला, लयीवर हुकमत बसली. परंतु या नऊ वर्षांत त्याने आणखी एक गोष्ट शिकून घेतली. शिकविण्यास काही क्रम नसला, तर बुद्धिमान शिष्याचीही किती वर्षे वाया जातात, हे त्याने स्वतःच्या अनुभवाने जाणले.

पुढे 1896 साली त्यांनी मिरज सोडली. या प्रस्थानाच्या मुळाशी एक प्रसंग असल्याचे सांगतात. गावात काही समारंभ होता. राजाश्रयातील तरुण म्हणून विष्णूस निमंत्रण आले, परंतु ज्यांच्यापाशी तो विद्या घेत होता त्या गुरूंस आले नाही. चौकशी करता असे कळले की, गवयाला प्रतिष्ठितांच्या पंक्तीस बोलाविण्याची चाल नाही. ज्याच्या गाण्यावर सभा डोलते, त्याला त्याच सभेत बसावयास आसन नाही, ही गोष्ट त्या तरुणाच्या जिव्हारी लागली. गवयाला समाजात मान मिळवून देईन, हा निश्चय त्या वेळी झाला, असे त्यांचे शिष्य मानीत आले आहेत. आमच्या मते हा प्रसंग पंडितजींच्या चरित्राची किल्ली आहे. अपमान अनेकांच्या वाट्यास येतात. कोणी ते गिळतात, कोणी त्यांचा सूड घेतात. आपल्या गुरूच्या अपमानाचे उत्तर म्हणून शाळा काढणारे पुरुष मात्र विरळाच.

मिरजेहून ते निघाले ते औंध, सातारा, बडोदे असे मुक्काम करीत काठेवाडात गेले. वाटेत संस्थानिकांपुढे गाणी झाली, बिदाग्या मिळाल्या. परंतु राजेरजवाड्यांच्या मर्जीवर विद्येने जगावे, हे त्यांच्या मनास पटेना. सौराष्ट्रात त्यांनी एक नवी गोष्ट करून पाहिली. तिकीट लावून सर्वांसाठी खुला जलसा त्यांनी केला. दरबाराच्या दिवाणखान्यात किंवा देवळाच्या सभामंडपातच जे गाणे ऐकावयास मिळे, ते आता चार पैसे देणाऱ्या कोणासही ऐकता येऊ लागले. यात केवळ द्रव्यार्जनाची युक्ती नव्हती. आश्रयदात्याची जागा जनतेने घ्यावी, हा विचार त्यामागे होता, आणि पुढे त्यांची शाळा उभी राहिली ती याच विचारावर. नंतर ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा प्रवास करीत ते पंजाबात उतरले. मथुरेस राहून त्यांनी व्रजभाषेचा अभ्यास केला, कारण ख्यालांच्या चिजा बहुतेक त्याच भाषेत आहेत आणि आपण काय गातो हे गाणाऱ्यास कळले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. जालंधरला हरिवल्लभाच्या मेळ्याची मोठी परंपरा आहे. तेथेही त्यांचे गाणे झाले. अखेर 1898 मध्ये ते लाहोरास पोहोचले.

लाहोरसारख्या दूरच्या शहरी, जेथे आपली भाषा कोणास येत नाही, जेथे नातेगोते नाही, अशा ठिकाणी या दृष्टी अधू असलेल्या दक्षिणी तरुणाने 5 मे 1901 रोजी गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. त्या वेळी त्यांचे वय एकोणतिसाच्या आत होते. कोण्या राजाचे पाठबळ नाही. विद्यार्थ्यांची फी, लोकांच्या देणग्या आणि स्वतःच्या जलशांचे उत्पन्न, एवढ्यावर ही संस्था चालावयाची होती. हिंदुस्थानी संगीताची लोकाश्रयावर चाललेली अशी पद्धतशीर शाळा यापूर्वी कोणी इतक्या नेटाने चालविली नव्हती. आम्हां शिक्षकांना ठाऊक आहे की, शाळा काढणे सोपे आणि ती चालविणे कठीण. पहिल्या वर्षी उत्साह असतो. तिसऱ्या वर्षी घरभाडे असते. पंडितजींनी दोन्ही पाहिले. तूट आली की तानपुरा उचलावा, चार शिष्य बरोबर घ्यावेत, दौऱ्यावर निघावे, जलसे करावेत आणि मिळालेले द्रव्य शाळेच्या स्वाधीन करावे, असा त्यांचा क्रम पडून गेला.

या विद्यालयातील अध्यापनाची पद्धती पाहिली म्हणजे त्यांच्या ठायीचा शिक्षक स्पष्ट दिसून येतो. त्यांनी अभ्यासक्रम आखला. सोप्याकडून कठिणाकडे जावे, आधी स्वर, मग अलंकार, मग लहान चिजा, मग ख्याल, अशी पायरी बांधली. तास नेमले, हजेरी ठेवली, परीक्षा घेतल्या, पदव्या दिल्या. मुखोद्गत विद्या कागदावर उतरावी म्हणून स्वरलेखनाची स्वतंत्र पद्धती सिद्ध केली. तीत प्रत्येक स्वराचा काळ दाखविण्यासाठी निरनिराळी चिन्हे योजिली. पुस्तके छापावयाची तर छापखाना पाहिजे, म्हणून छापखाना घातला. ‘संगीत बालप्रकाश’सारखी क्रमिक पुस्तके काढली. 1905 साली ‘संगीतामृत प्रवाह’ नावाचे मासिक सुरू केले. वाद्ये दुरुस्त करण्याची व बनविण्याची सोय केली. स्त्रियांच्या शिक्षणाकडेही लक्ष पुरविले. ज्या गृहस्थास अक्षरे नीट दिसत नसत, त्याने संगीतास छापील अक्षर मिळवून दिले, हा दैवयोग नव्हे काय?

परंतु त्यांच्या योजनेतील सर्वांत मोलाचा भाग याहून वेगळा होता. विद्यालयात दोन प्रकारचे विद्यार्थी असत. एक, फी देऊन ठराविक वेळी येणारे. त्यांत विद्यार्थी, नोकरदार, व्यापारी असे सर्व प्रकारचे लोक होते. दुसरे, उपदेशक वर्गाचे. ही मुले लहान वयात गुरुगृही येऊन राहत, नऊ वर्षे विद्या पुरी करण्याचा करार करीत, आणि त्यांच्या अन्नवस्त्राचा भार पंडितजी स्वतः वाहत. पहाटे उठणे, प्रार्थना, मेहनत, पाठ, संस्थेची कामे आणि खालच्या वर्गांस शिकविणे, असा त्यांचा दिनक्रम कडक शिस्तीचा असे. आपण मिरजेस ज्या गुरुकुलात वाढलो त्यातील निष्ठा कायम ठेवावी, आणि त्यात जो अव्यवस्थितपणा होता तो मात्र काढून टाकावा, असा हा विचार होता. फी देणाऱ्यांपासून जाणते श्रोते तयार व्हावेत आणि उपदेशकांपासून गवई व शिक्षक तयार व्हावेत, ही त्यांची विभागणी होती. तानसेन आणि कानसेन हा जो भेद आपण बोलण्यात करतो, तो त्यांनी शाळेच्या रचनेतच घालून ठेवला होता.

1908 मध्ये त्यांनी मुंबईस गांधर्व महाविद्यालय काढले आणि पुढे तेच त्यांच्या कार्याचे मुख्य केंद्र झाले. विद्यार्थी वाढले, भाड्याची जागा अपुरी पडू लागली, तेव्हा सँडहर्स्ट रोडवर संस्थेची स्वतःची वास्तू उभारण्याचे ठरले. गाण्याच्या शाळेची स्वतःची इमारत ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. परंतु ती कर्जावर उभी राहिली होती. जलशांचे उत्पन्न येत होते तोवर हप्ते फिटत गेले. पुढे पंडितजींची वृत्ती उत्तरोत्तर भक्तिमार्गाकडे झुकू लागली. रामनामाचा त्यांस ध्यास लागला. मैफलीपेक्षा रामधून त्यांना प्रिय वाटू लागली. 1922 साली नाशिक येथे त्यांनी रामनाम आधार आश्रम स्थापन केला. इकडे उत्पन्न घटले, व्याज वाढले, आणि 1924 च्या सुमारास ती वास्तू सावकारांच्या देण्यापायी लिलावात गेली. ज्या इमारतीतील एक एक वीट एका एका जलशाने बसविली होती, ती अशी हातची गेली. घरच्या बाजूसही सुख नव्हते. त्यांची अनेक अपत्ये अल्पवयातच निवर्तली होती. तरीही पंडितजींनी गाणे टाकले नाही आणि शिकविणेही टाकले नाही. राहिलेले शिष्य बरोबर घेऊन त्यांनी नाशिकच्या आश्रमात पाठ चालू ठेवले. इमारत गेली म्हणजे शाळा गेली असे नव्हे, हे त्यांनी आपल्या वागण्याने दाखवून दिले.

राष्ट्रीय चळवळीशीही त्यांचा संबंध निकटचा होता. काँग्रेसच्या अधिवेशनांतून ‘वंदे मातरम्’ गाण्याचा मान त्यांस अनेकदा मिळाला. 1923 च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्षांनी त्यास हरकत घेतली असताही त्यांनी ते गायन पुरे केले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. महात्माजींनी आपल्या साबरमतीच्या आश्रमासाठी संगीतशिक्षक मागितला, तेव्हा पंडितजींनी आपले शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांस पाठविले. ‘आश्रम भजनावलि’ची सिद्धता खरे यांच्या हातून झाली, आणि 1930 च्या दांडीयात्रेत ते महात्माजींबरोबर पायी चालले. ‘रघुपति राघव’ची जी चाल देशाच्या तोंडी बसली, तिचा उगम पंडितजींपाशीच सांगतात. त्याच 1930 साली आमच्या सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि पुढे चार वीर फासावर चढले. त्या धामधुमीच्या काळात देशभर प्रभातफेऱ्यांतून जे सूर उठत होते, त्यांच्यामागे या अधू डोळ्यांच्या शिक्षकाचाही वाटा होता, हे आपण विसरता कामा नये.

शेवटी शेवटी पंडितजींची प्रकृती ढासळली. जेथे विद्या घेतली त्याच मिरजेस ते परत आले, आणि 21 ऑगस्ट 1931 रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला. एकोणसाठावे वर्ष पुरे होऊन केवळ तीन दिवस झाले होते. मागे पत्नी रमाबाई आणि दहा वर्षांचे पुत्र दत्तात्रेय. या पुत्राला विद्या द्यावयास पिता उरला नव्हता. परंतु पित्याचे शिष्य होते. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास यांनी गुरुपुत्रास तालीम दिली, आणि द. वि. पलुस्कर या नावाने त्याने आपल्या मधुर गायनाने सारा देश मोहून टाकला. दुर्दैवाने 1955 मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी तेही कालवश झाले.

आता पंडितजींच्या कार्यावर जे आक्षेप घेण्यात येतात, त्यांचाही विचार करणे न्यायाचे होईल. चरित्रनायकाच्या दोषांवर पांघरूण घालणे हे चरित्रलेखकाचे काम नव्हे. एक आक्षेप असा की, शृंगाराच्या चिजांतील शब्द बदलून त्यांनी भक्तिपर शब्द घातले आणि त्यामुळे मूळ रचनांचा रस उणावला. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु ज्या घरांतून मुलींस गाणे शिकावयास पाठवावयाचे होते, त्या घरांचे दार याच शब्दांनी उघडले, हेही तितकेच खरे. दुसरा आक्षेप त्यांच्या स्वरलेखनपद्धतीवर. ती बारकाव्यांची असली तरी किचकट आहे, आणि पंडित विष्णु नारायण भातखंडे यांची पद्धती सुटसुटीत असल्यामुळे अधिक पसरली. हेही मान्य केले पाहिजे. भातखंडे यांनी शास्त्र शोधिले, ग्रंथ लिहिले. पलुस्करांनी शाळा आणि शिष्य उभे केले. दोन्ही विष्णूंचे ऋण संगीतावर आहे, आणि एकाची थोरवी गाण्यासाठी दुसऱ्यास उणे लेखण्याची गरज नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत मोठा. शाळेतून गवई निपजत नाहीत, असे म्हणतात. याचे उत्तर शब्दांनी देण्यापेक्षा नावांनी द्यावे. ओंकारनाथ ठाकूर हे पंडितजींचे शिष्य. लाहोरच्या विद्यालयाचे ते प्रमुख झाले आणि पुढे 1950 मध्ये काशी हिंदू विश्वविद्यालयातील संगीत महाविद्यालयाची धुरा त्यांनी वाहिली. विनायकराव पटवर्धन यांनी 1932 साली पुण्यास गांधर्व महाविद्यालय काढले. नारायणराव व्यास यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर गेल्या. शंकरराव बोडस यांनी कानपुरास संगीताचे रोप लाविले. बी. आर. देवधर यांनी मुंबईस शाळा चालविली आणि त्यांच्या हाताखाली कुमार गंधर्व तयार झाले. हे सर्व गवई शाळेतून निघाले की नाही? निघाले, परंतु ते मुख्यतः गुरुगृही राहून वर्षानुवर्षे मेहनत करणाऱ्यांतून निघाले, संध्याकाळच्या तासाभराच्या वर्गातून नव्हे. पंडितजींना हा भेद पक्का ठाऊक होता. त्यांच्या मागून आलेल्या पिढ्यांस मात्र तो विसर पडला, आणि तासाभराच्या वर्गापासून आपण तानसेनांची अपेक्षा करू लागलो. हा दोष शाळेचा नसून आपल्या अपेक्षेचा आहे.

गुरूच्या निधनानंतर त्याच 1931 साली शिष्यांनी अहमदाबादेस जमून गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. पुढे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ म्हणून प्रसिद्धीस आलेल्या या संस्थेच्या प्रारंभिकपासून अलंकारापर्यंतच्या परीक्षांस देशभर विद्यार्थी बसतात. फाळणीनंतर लाहोर परदेशात गेले. सँडहर्स्ट रोडची वास्तू तर त्यापूर्वीच गेली होती. दोन्ही ठिकाणच्या भिंती गेल्या, तरी पद्धती राहिली आणि शिष्यपरंपरा राहिली. भारत सरकारने 1973 मध्ये पंडितजींच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. ज्या गवयाच्या जातीला समारंभाचे निमंत्रण मिळत नव्हते, तिच्यातील एकाचे चित्र आता सरकारी टपालावर घरोघर पोहोचले.

आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुले-नातवंडे गाणे शिकत असतील. त्यांना आमची एवढीच विनंती आहे की, परीक्षेचे प्रमाणपत्र भिंतीवर लावताना आधी पोराच्या गळ्याकडे आणि कानाकडे पाहावे. प्रवेशिका, मध्यमा, विशारद या पायऱ्या आहेत; पायरीवर कोणी घर बांधीत नाही. मूल गवई झाले नाही, तरी ते चांगले ऐकणारे झाले, तर पंडितजींचे निम्मे कार्य त्या घरात सिद्धीस गेले असे समजावे. आणि ज्याच्या अंगी खरोखरच विद्या आहे, त्याला नऊ वर्षे धीर धरण्याइतके बळ आईबापांनी द्यावे. त्याचप्रमाणे, जो शिक्षक आपल्या मुलांस गाणे शिकवितो, त्यास आपल्या घरच्या शुभकार्यात गाण्यापुरते न बोलाविता पंक्तीसही बोलवावे आणि मानाचे आसन द्यावे. मिरजेच्या त्या तरुणाने ज्यासाठी गाव सोडले, ते एवढेच होते.